सव्वातीन तासांचा रस्ता

बस बोगद्यात शिरली आणि मशीनवाले काका सीटवरून अर्धे उठलेच. शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. कुठलंही यंत्र दिसलं की आधी कान तिकडे जायचा. पण या बसला आवाजच नव्हता. विजेवर चालणारी बस. सकाळी ती स्टँडवरून हलली, तेव्हा शेजारची गाडीच मागे चाललीय असं काकांना वाटलं होतं.

"या डोंगरावरून आमचा जुना घाट जायचा," त्यांनी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. तो औषधं विकणारा माणूस होता. मांडीवर बॅग, डोळ्यांवर झोप. "एकशे अकरा वळणं. मी मोजलीयत. पुढच्या खिडकीतून कुणी डोकं बाहेर काढलं, की मागच्यानं आपलं पटकन आत घ्यायचं. दोन तास नुसता हाच धंदा."

"आता चार मिनिटं लागतात," विक्रेता डोळे न उघडता म्हणाला.

काकांनी घड्याळ लावलं. चार मिनिटं वीस सेकंद. बाहेर आल्यावर त्यांनी घड्याळाकडे असं पाहिलं, जणू तेच बिघडलंय.

ताईकडे जाऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी फोन मात्र चुकत नसे. "यायचंय गं, पण तो रस्ता. दोन गाड्या बदला, घाट चढा, दिवस मोडतो जायला, दिवस मोडतो यायला. त्यात माझी ही कंबर." ताई म्हणायची, "असू दे रे. जिवाला जप." मग दोघं हवापाण्याचं बोलायची आणि फोन ठेवायची.

या आठवड्यात दुकानासमोरची गल्ली नळासाठी खोदली गेली आणि दुकान बंद पडलं. काका घरात येरझाऱ्या घालू लागले. लेकीनं दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी तिकीट काढून त्यांच्या फोनमध्ये टाकलं. "सव्वातीन तास फक्त, बाबा. आत्याकडे जाऊन या. वाटलं तर संध्याकाळी परत." काकांनी ताईला कळवलं नाही. अचानक दारात उभं राहायचं, असा बेत होता.

आणि आता त्यांना पाहू किती आणि नको किती असं झालं होतं. टोलनाक्यावर गाडी थांबलीच नाही. दांडा आपोआप वर गेला. छतातून बाईचा आवाज आला, "पुढचा थांबा दहा मिनिटांवर." काका सवयीनं "बरं" म्हणाले. थांब्यावर स्वच्छतागृह इतकं चकचकीत, की त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "अगं, लादीत तोंड दिसतंय."

"केवढा रस्ता केलाय हा नवा," जागेवर परत येत ते म्हणाले.

"नवा कुठला, काका? चार वर्षं झाली की."

काका बोटांवर वर्षं मोजू लागले. पण तेवढ्यात पूल आला. खाली खोल दरी, त्यात काडेपेटीएवढी घरं, आणि बस हवेत चालल्यासारखी सरळ. काकांनी कपाळ काचेला टेकवलं आणि बाकी सगळं विसरून गेले.

ताईच्या गावात स्टँडवरून घरापर्यंत छोटी बस होती. काका उतरायला उठले, तर त्यांच्यासाठी तिची पायरी खाली झुकली. कंबरेतून कळसुद्धा आली नाही. गेटपाशी त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा.

दार उघडून ताई पाहतच राहिली. "धाकट्या? कुणाचं काही बरंवाईट..."

"काही नाही गं. सहज आलो."

'सहज' हा शब्द काकांना इतका आवडला, की तो त्यांनी आणखी एकदा म्हटला. मग स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले आणि सुरू झाले. ओट्यावर दोन डबे ठेवून त्यांनी डोंगर केले, मध्ये लाटणं आडवं टाकून पूल केला. दांडा कसा वर जातो ते हातानं दाखवलं. ताई चहाचं आधण ठेवून ऐकत होती. मधूनच हसत होती.

"कुठल्या बाजूला बसला होतास?" तिनं विचारलं.

"डावीकडे. का?"

"इकडे येताना उजवीकडे बसावं. पुलावरून धरण त्या बाजूला दिसतं. डावीकडे नुसती दरी."

काकांचा हात लाटण्यावरच राहिला. "तुला कसं ठाऊक?"

"याच बसनं येते-जाते की. तुमच्या स्टँडसमोर डोळ्यांचं हॉस्पिटल आहे बघ. दर दोन महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. सकाळी जायचं, चारच्या गाडीनं परत." भाजी आणायला जाते, इतक्या साधेपणानं तिनं सांगितलं.

"कधीपासून?"

"तिसरं वर्ष हे."

स्टँडसमोरचं हॉस्पिटल. तिथून काकांचं दुकान चालत दहा मिनिटांवर. स्टँडवरच्या लोखंडी बाकावर, एका डोळ्याला पट्टी बांधून चारच्या गाडीची वाट पाहत बसलेली ताई त्यांना दिसू लागली. शेजारी कुणी नाही.

"आणि घरी आली नाहीस?" काकांचा आवाज चिरकला. "एक फोनसुद्धा केला नाहीस, ताई?"

ताईनं चहा गाळला, कप त्यांच्यापुढे सरकवला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तू दर रविवारी सांगायचास ना, रस्ता फार लांबचा आहे म्हणून. मी म्हटलं, असेल तुझ्याकडून."