विहिरीच्या तळाशी

सरकारी दवाखान्याचा फोन आला की माणसं व्याह्यांना सांगावं तसं सांगतात, सगळं छान आहे. मांडीतून नळी घालून हृदयाची नवी झडप बसवलेल्यांची फोनवरून विचारपूस करणाऱ्या मांजरेकर सिस्टरना ते पाठ होतं. भिकाजी गुरवही तेच म्हणाले.

"आणि झोप, आबा?"

"झोपेची तर मजाच आहे. रोज स्वप्नात विहिरीत उतरतो. हिरवं, गार पाणी. तळाशी आमची ही वेणी घालत बसलेली असते. तिला जाऊन वर्षं झाली. मी बरा झालो म्हणून सांगायला तोंड उघडतो, तर नाकातोंडात पाणी. जाग येते. खिडकीत बसलो की मग श्वास मिळतो."

सिस्टर सावरून बसल्या. "ते पाणी स्वप्नातलं नाही हो. छातीत साठत असेल. झडप बघायला हवी. आजच गाडी पाठवते."

आबांनी हळूच विचारलं,

"उपचार झाले की विहीर दिसायची नाही ना?"

"नाही."

"मग गाडी उद्या पाठवा. आज तिला तेवढं सांगून येतो."

"बरं आबा," सिस्टर म्हणाल्या, आणि गाडी तेव्हाच निघाली.