बरोबर उत्तरं

"जोडवी काढून ठेवलीत मी," खुर्चीत रेलत सुप्रभा मुलीला म्हणाली. "कामावरच, साबण लावून. तुझ्या परीक्षेत नसतं विघ्न नको."

तनू तिच्या पायांशी स्टुलावर बसली होती. पोडिएट्रीच्या, म्हणजे पायांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल होती आणि पेशंट ज्याचा त्याने आणायचा होता. तिने ठरवलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहाटेच फोन करून अंग काढून घेतलं. पेशंट नाही म्हणजे परीक्षा थेट सप्टेंबरात. मग आईशिवाय होतं कोण? आई रात्रभर हीथ्रोजवळच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरत होती. ती स्लाऊला घरी न जाता, बस आणि ट्रेन बदलत, तशीच कॉलेजात येऊन हजर झाली. दोघींच्याही डोळ्यांवर झोप होती. तनूची तर तीन वर्षांची साठलेली होती.

महाराष्ट्र मंडळातल्या बायका तनूला "घोट्यापर्यंतची डॉक्टर" म्हणायच्या. सुप्रभा सगळ्यांना "डॉक्टर होतेय" एवढंच सांगायची आणि पुढचं चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायची. आज लेकीला पांढरा अंगरखा आणि वर प्लास्टिकचा एप्रन घातलेली बघून मात्र तिला खरंच भरून आलं होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिने विचारलं होतं, माझ्यामुळे तुझे मार्क तर जाणार नाहीत ना. समजावत बसायचं तनूच्या अंगात त्राण नव्हतं. "आई, जस्ट नीट आन्सर दे, ओके? मला हा एक्झाम परत नाही द्यायचा." सुप्रभाने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

जोडव्यांच्या जागी बोटांवर पांढऱ्या खाचा पडल्या होत्या. उजव्या पायाच्या खाचेत कातडी सोलवटून लाल, ओलसर झाली होती. दुखतं का, असं तनूने विचारलं.

"छे गं, अजिबात नाही," सुप्रभा खुशीत म्हणाली.

तनूला ते ऐकून बरं वाटलं नाही. आईची शुगर कित्येक वर्षं म्हणे "बॉर्डरवर" होती. पाय बधिर होतात ते किचनच्या कोल्ड रूममुळे, असं आईने स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरात एक पायांचं शिकणारी असून तिनेही कधी मोजे काढायला लावले नव्हते. वेळ कुठे होता?

परीक्षक मिस्टर ड्रिस्कॉल मागे उभे होते. सकाळपासून पाय बघून तेही कंटाळले होते. पेशंटची नावं वाचायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्यांनी मानेनेच खूण केली.

पुढची तपासणी सोपी होती. पेनासारख्या दांड्याला नायलॉनचा एक ताठ धागा असतो. तो तळव्याला वाकेपर्यंत टेकवायचा. पेशंटने डोळे मिटून बसायचं आणि स्पर्श कळला की "यस" म्हणायचं. तनूने आईला ते सांगितलं. सुप्रभाने डोळे गच्च मिटून घेतले.

तनूने अंगठ्याला धागा टेकवला.

"यस."

करंगळीच्या खाली टेकवला. "यस." टाचेला, "यस." एकेक उत्तर वर्गात पहिलं यायचं असल्यासारखं खणखणीत येत होतं. तनूचा जीव भांड्यात पडला. आता उरलेलं उरकायचं, आईला घरी न्यायचं आणि दोघींनी झोपायचं.

मधूनच हात नुसता पुढे न्यायचा, टेकवायचा नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. शिकवलं होतं म्हणून तिने ते केलं. तिचा हात हवेतच थांबला.

"यस," आई म्हणाली.

तनूने पुन्हा हात नुसताच पुढे नेला. एप्रनचं प्लास्टिक चुरचुरलं. "यस." आई स्पर्शाला नाही, आवाजाला उत्तर देत होती. मग तनूने कोपर अंगाशी दाबून धरलं आणि आवाज न करता धागा अंगठ्याला टेकवला, वाकेपर्यंत दाबला. आई गप्प. करंगळीखाली दाबला, टाचेला दाबला, दुसऱ्या पायालाही दाबला. आई हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

ज्या पायाला दुखत नाही, त्याला जखम झालेली कळत नाही. गेल्या टर्मला तनूने अशाच पायांची ड्रेसिंग्ज केली होती. त्यांतल्या एका बाईला दोनच बोटं उरली होती आणि तीही म्हणाली होती, दुखलंच नाही कधी.

कागदावर पावलांचं चित्र होतं आणि त्यावर, स्पर्श कळला तिथे खूण करायला, छोटे गोल. तनूने एकाही गोलात खूण केली नाही. तसाच कागद तिने मिस्टर ड्रिस्कॉलना दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. बहुतेक विद्यार्थी ही गोष्ट निसटू देतात.

"एक्सलंट," ते म्हणाले. "व्हेरी वेल स्पॉटेड." आणि ते पुढच्या खुर्चीकडे गेले.

सुप्रभाचा चेहरा फुलला. "ऐकलं हं मी," डोळे न उघडताच ती हळूच म्हणाली. "सगळी बरोबर आली ना माझी?"

आईला हे कसं सांगायचं ते तनूला मराठीत जुळेना. इंग्रजीतही जुळलं नसतं. "थांब, आई," ती म्हणाली. "डोळे इतक्यात नको उघडू."

बाहीने स्वतःचे डोळे पुसायला तिने हात वर केला. एप्रन चुरचुरला.

"यस," आई म्हणाली.