ट्रॅकवर जायची सकाळ

राजरत्नने उत्तरेतल्या जानकीपुरमच्या घरी, अंगणातच, आपल्या छोट्या गाडीची रेसिंग कार करायला घेतली. मागची सीट निघाली, एसी निघाला, तसे रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले त्याचे वडील दत्तूभाऊ भडकले. "चांगल्या गाडीचा सांगाडा केलास," म्हणाले आणि घरात निघून गेले. शर्यतीची नवी सीट बसवली, त्या संध्याकाळी मात्र नावं ठेवायला म्हणून ते तासभर तीत बसून राहिले.

ट्रॅकवर जायच्या सकाळी राजरत्नने गाडीचं दार उघडलं, तर सीट गायब! तो घरात धावला. टीव्हीसमोर, त्याच सीटवर, वडील पट्टे आवळून चहा पीत होते.

"पापा, ये मेरी सीट है!"

"दहा वर्षांनी कंबर गप्प झालीय, तिला उठवू नकोस. तू तरुण आहेस, स्टुलावर बसून पळव."