एकच मिस्ड कॉल

सकाळी नऊला फोन एकदाच वाजून थांबला, तेव्हा ललिता सिस्टरला हायसं वाटलं. एक मिस्ड कॉल म्हणजे दुखत नाही. दोन म्हणजे दुखतंय, तीन म्हणजे लगेच या.

ही पद्धत तिनेच काढली होती, ढमाले आण्णांसाठी. बाजार समितीत कांद्याची बोली पुकारण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा आवाजच घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गेला. औषधाचा डोस वाढवायचा अधिकार डॉक्टरांनी आता सिस्टरलाच दिला होता, पण दुखतंय हे तिला कळायला तर हवं. म्हणून तिने ठळक अक्षरांत तीन ओळी लिहून कागद त्यांच्या भिंतीला चिकटवला. पुढे तालुक्यातल्या अकरा घरांत तोच कागद लागला.

आण्णा रोज सकाळी नऊला कॉल द्यायचे; आज त्यांचा एकच होता, म्हणून ती आधी बाकीच्या पेशंटकडे गेली. दुपारी ढमाल्यांच्या वस्तीवर स्कूटर लावली, तर अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती.

"पहाटेच गेले," आण्णांची बायको, मथुराबाई, म्हणाल्या.

सिस्टरने फोन काढून बघितला. "मग सकाळचा कॉल?"

"मीच दिला. तुम्ही वाट बघत असाल ना." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "असं झालं तर किती द्यायचे, ते त्यावर लिहिलेलं नाही. लय विचार केला. मग म्हटलं, आता तर काहीच दुखत नाही त्यांना. म्हणून एकच दिला."