दोन्ही माझेच

"हे दोन्ही तुमचेच?" मुलाखत समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत समोरच्या उमेदवाराला विचारलं.

त्यांच्या हातात संगणकानं त्याच्या नावावर काढलेली लेखांची यादी होती. अर्धे लेख जिवाणूंच्या अनुवंशशास्त्राचे, अर्धे गर्भाशयाच्या आजारांचे. पहिले त्याचे होते. दुसरे त्याच्या बायकोचे. ती स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांचं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक. संगणकाला नवरा-बायको कुठून कळणार? त्यानं सगळ्याची एकच मोट बांधून टाकली होती.

अर्ज करतानाच त्याच्या हे लक्षात आलं होतं. कळवू, कळवू म्हणत राहिला आणि कळवलं काही नाही.

कारण जाहिरात. 'रिक्त जागा: स्त्रीरोग व जिवाणूंचे अनुवंशशास्त्र', एवढंच वर ठळक छापलेलं. खालचं बारीक अक्षर त्यानं घाईघाईत चाळलं होतं. "एका माणसात हे दोन्ही कुठून मिळायचं? यांना काय दोन डोक्यांचा माणूस हवाय?" तो जेवताना बायकोला म्हणाला होता. ती खो खो हसली होती. "अर्ज तर कर," म्हणाली.

आणि नोकरी हवीच होती. तळघरातल्या प्रयोगशाळेत तो कित्येक वर्षं हंगामी होता. खोलीला खिडकी नाही, दाराची मूठ आतून फिरायची नाही. कोणी बाहेरून उघडलं की हसून ओरडायचं, "अरे, जंतूशेठ पुन्हा अडकले!" दरवर्षी मुदतवाढीसाठी त्याच साहेबाच्या मिनतवाऱ्या. यंदा तीही मिळणार नव्हती. बायकोनं त्याच्याच वडिलांच्या आजारपणात रुग्णालयातली नोकरी सोडलेली. घरी बसून लेख तेवढे लिहायची.

आज सकाळी तिनंच शर्टाला इस्त्री करून दिली. काल बहिणीकडे जाते म्हणून दिवसभर बाहेर होती, आणि आल्यापासून स्वारी भलतीच खुशीत होती. त्याची कॉलर नीट करत म्हणाली, "आत गेल्या गेल्या जे आहे ते सांगून टाक. म्हणजे झालं."

"काय सांगून टाकू?"

"खरं ते. आणखी काय?"

हिला कळलं की काय? मग वाटलं, छे, हिला यादीचं कुठून कळणार!

"हो," तो आता अध्यक्षबाईंना म्हणाला. "दोन्ही माझेच."



शेजारी बसलेले टक्कल पडलेले सर्जन सरसावून बसले. "बाळंतिणीला ताप आला, तर आधी काय बघाल?"

हे सोपं होतं. जंतू म्हणजे त्याच्या घरचंच काम. तो भडाभडा बोलला.

"छान. आणि तुमचा शेवटचा लेख. पिशवी शाबूत ठेवून गाठ काढलीत, ती कशी?"

हे तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं होतं आणि तो नुसता 'हं, हं' करत होता. त्यातलं जेवढं आठवलं तेवढं त्यानं सांगितलं. फार काही आठवलं नाही.

"शेवटचं ऑपरेशन कधी केलंत?"

"हल्ली... लिखाणच जास्त असतं."

"अहो, पण तुम्ही नेमके कसले डॉक्टर?"

"दोन्ही," तो म्हणाला. शर्ट पाठीला चिकटला होता. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. त्याला स्वतःचीच किळस येत होती, पण आता मागे फिरायचं कुठल्या तोंडानं?

अध्यक्षबाईंनी सर्जनना हातानं थांबवलं. "एकदा नीट आठवून सांगा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "यातलं काही दुसऱ्या कोणाचं आहे का? संगणक चुकतो. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही."

सापळाच आहे हा, त्याला वाटलं. आता कबूल केलं तर मघापासून खोटं बोललो असं ठरणार.

"नाही. सगळं माझंच आहे."

सर्जननी पेनाला टोपण लावलं.

"काल तुमच्या मिसेस आल्या होत्या मुलाखतीला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, 'यातले अर्धे लेख माझे नाहीत, माझ्या नवऱ्याचे आहेत. उद्या तो येईल, तोही आधी हेच सांगेल. मी आले होते ते त्याला कळू देऊ नका. दोघांची बातमी त्याला एकदमच कळू दे.'"



अध्यक्षबाईंनी जाहिरातीचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"नीट वाचली नाहीत का? जागा दोन होत्या."