बॉनेटवरचा गिलास

बॉनेटवर ठेवलेल्या गिलासातलं पाणी थरथरत होतं आणि धनेंद्रच्या तोंडचं पळालं होतं. उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

गाडी त्याच्या बापाची, इंदरलालची. परदेशी, जुनी, पेट्रोल पिचकारीनं पिणारी. गोंदियापासून छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत तसली दुसरी नव्हती. इंदरलाल इंजिन चालू करायचा आणि काठोकाठ भरलेला पितळी गिलास बॉनेटवर ठेवायचा. थेंब सांडत नसे. गोरेगावच्या बाजारात तो गिलास बघायला लोक वांगी काट्यावर तशीच सोडून धावायचे. वांगी शेळ्या खायच्या, आणि शेळ्यासुद्धा म्हणे खाता खाता गिलासाकडेच बघायच्या. पुढे इंदरलाल गेला आणि इंजिनाला हुडहुडी भरली.

बकाराम मिस्त्रीनं दुपारभर इंजिनाच्या नळ्या तपासल्या. कुठली कुठून निघते, कुठं जाते, बोटानं माग काढला. आधीच्या मिस्त्रीनं दोन नळ्यांची अदलाबदल केली होती, ती सुधारली. तरी पाणी हलतच होतं.

"नळ्या आता आपापल्या जागी आहेत," बकाराम म्हणाला. "पण ही जाड नळी पाहा. हिच्यातून इंजिन ब्रेकच्या डब्यातली हवा ओढते. डब्यातला पडदा फाटला. फाजील हवा आत येऊन राहिली, म्हणून इंजिन कापते. पडदा नागपूरहून मागवा लागते."

"उद्या गिऱ्हाईक येऊन राहिलं. नळी बुजव ना."

"बुजवली त ब्रेक दगडावानी होते, भाऊ. दोन्ही पाय देऊन उभा राहिला तरी गाडी थांबत नाही."

"मले कुठं चालवाची आहे?"

बकारामनं हात पुसले आणि तो चहा प्यायला निघून गेला. परत आला तेव्हा नळी जागच्या जागी होती. गिलासातलं पाणी तळ्यासारखं निवांत होतं. नटबोल्टच्या डब्यात पडलेला निळा कंचा, पोरांची खेळायची काचेची गोटी, तेवढा नव्हता. तो नळीच्या पोटात जाऊन बसला होता. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातल्याच प्रतापगडाकडचे केशोराव. धानाची मोठी शेती, त्याहून मोठ्या मिशा. त्यांनी गिलास पाहिला आणि निम्मा सौदा तिथंच झाला. सपाट सडकेवर बैलाच्या चालीनं एक चक्कर मारली.

"ब्रेक जड वाटून राहिला जी."

"जुन्या गाडीचा जडच राहते," धनेंद्र म्हणाला.

रुचि चहा घेऊन आली. धनेंद्रची एकुलती एक पोरगी. केशोरावांनी चहा घेतला, गाडी घेतली, आणि महिन्याभरानं आपल्या पोरासाठी, तिलकसाठी, पोरीलाही मागणी घातली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर सोयरीक मोडेल. साखरपुडा होऊ दे, मग सांगू. साखरपुडा झाला. आता पत्रिका छापल्या, आता कसं सांगू? केशोराव गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, सणावारालाच काढतात, हे कळल्यावर तर सांगायची गरजच काय, असं धनेंद्रनं स्वतःला पटवलं. बायकोला, कुंतालाही, तो काही बोलला नाही.

उन्हाळ्यात लग्न लागलं. पाठवणीची वेळ झाली आणि मांडवाच्या दारात तीच गाडी झेंडूच्या माळा घालून उभी राहिली. स्टिअरिंगवर स्वतः तिलक.

"आणा रे गिलास!" केशोराव ओरडले. "इंदरलालजीची रीत मोडाची नाही."

इंजिन सुरू होतं. त्यांनी आपल्या हातानं भरला गिलास बॉनेटवर ठेवला. सारा मांडव वाकून पाहू लागला.

पाणी हललं नाही.

म्हणजे कंचा आतच होता. घरापासून केशोरावांच्या गावापर्यंत अर्धी वाट जंगलाची, आणि जंगलात एक लांब उतार. रुचि कुंताच्या गळ्यात पडून रडत होती. एकच वाक्य बोलायचं होतं. पण दोन्हीकडचे पाहुणे कान टवकारून उभे होते.

व्याही केशोराव जवळ आले. "काही म्हणता का जी, इवाई?"

धनेंद्र पुढे झाला. तो खिडकीशी वाकला. "जवाईबापू, उतारावर जरा हळू घ्या."

"बस? एवढंच?" केशोरावांनी विचारलं.

"एवढंच."

रुचि बसली. दार लागलं. गाडी हलली आणि चार हात गेली नाही तोच एक शेळी आडवी आली. धनेंद्रनं डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा गाडी उभी होती. मांजर दबकून थांबावं तशी, बिनआवाजाची. शेळीनं पुढची माळ तोंडात धरली, हिसका देऊन तोडली आणि चघळत निघून गेली. सगळे हसले. तिलकनं हात हलवला, गाडी वळणाआड गेली. धनेंद्रही हसू लागला. त्याला हसू आवरेना.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा हात धरला. तळव्यात गार, गोल काहीतरी ठेवलं आणि बोटं मिटवली. धनेंद्रनं मूठ उघडली. निळा कंचा.

"महाशिवरात्रीले समजलं, प्रतापगडच्या जत्रेत," केशोराव हळूच म्हणाले. "समोर लोकायची लेकरं, आन् पायाखाली दगड. धानाच्या तनसीच्या ढिगात घातली गाडी, म्हणून निभलं. नागपूरहून नवा पडदा टाकून आणला. सोयरीक मोडालेच निघालो होतो, पण पोरीचा काय दोष?"

त्यांनी बॉनेटवरून उतरवलेला गिलास तोंडाला लावला, निम्मं पाणी पिऊन उरलेलं मातीत ओतलं.

"म्हटलं, दुसऱ्याच्या लेकरासाठी तुमचं तोंड उघडलं नाही. आपल्या पोरीसाठी तरी उघडते का, ते पाहू."