झिजलेली कॅसेट

गंगेवर आईचा दहावा उरकल्यावर कुंदननं तिची ट्रंक उघडली, तर लुगड्यांखाली त्यानंच दिलेली व्हिडिओ कॅसेट निघाली. पांडवलेणीच्या पायथ्याशी शूट झालेला, थिएटर न पाहिलेला तो स्वस्तातला कराटेपट. त्यात कुंदन व्हिलनचा उजवा हात. सगळ्यांना लोळवायचा, शेवटी हिरोच्या लाथेनं मरायचा. तेव्हा त्यानं हौसेनं विचारलं होतं, “आई, शेवट कसा वाटला?” ती ताट वाढायला उठली. शेजारी व्हीसीआर असून तिनं सिनेमा पाहिला नाही, हा राग त्यानं जन्मभर धरला. आज शालिमार चौकातल्या व्हीसीआर दुरुस्तीच्या दुकानदारानं कॅसेट लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. “काका, बघून बघून टेप पार झिजलीय,” दुकानदार म्हणाला. अचानक चित्र लख्ख झालं, हिरोनं लाथ उचलली होती. “इथून पुढं मात्र कोरी करकरीत.” “बंद करा,” कुंदन ओरडला. तोवर आईनं वर्षानुवर्षं अडवलेलं त्याचं मरण पडद्यावर घडून गेलं होतं.